खेळाडूंना मोकळं सोडायचं कसं? पहिल्यांदाच आरपीजी चालवणाऱ्यांसाठी

टेबलावरचा रोलप्लेइंग गेम पहिल्यांदा चालवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा घरून गोष्ट लिहून आणतो. पहिला प्रसंग, दुसरा प्रसंग, शेवटी मारामारी. वीस मिनिटं होत नाहीत तोच एक खेळाडू म्हणतो, "त्या गोदामात कशाला मरायला जायचं? सरळ पोलिसांत जाऊ की बे." वहीत पोलिसांचं पान नसतं. मग चालवणारा चौकीला कुलूप लावतो, फोन लागू देत नाही, वाटेत रिक्षा पंक्चर करतो. दुसऱ्या पंक्चरपर्यंत चौघांनाही कळून चुकतं की इथं आपण काहीही म्हटलं तरी व्हायचं तेच होणार. त्यानंतर ते "तूच सांग, काय करायचं" एवढंच म्हणतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं, यांच्यात उत्साहच नाही.

यावर उपाय म्हणून काही जण तयारीच सोडून देतात आणि "तुम्ही सोलापुरात आहात, काहीही करा" असं म्हणून मोकळे होतात. ते त्याहून वाईट. काहीही करता येतं म्हटल्यावर माणसाला काहीच सुचत नाही. मोकळीक द्यायची तर तयारी लागतेच, फक्त ती वेगळ्या गोष्टींची करावी लागते. खाली सोलापुरातलाच एक पेच पूर्ण मांडून दाखवला आहे. तसाच उचलून खेळा, नाहीतर मोडून आपला करा.

अगदी नवख्यांसाठी दोन वाक्यं: एक जण खेळ चालवतो, त्याला जीएम म्हणतात, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. निकाल सरळ नसेल तिथं फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार चालत आला आहे. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. पण पहिल्या खेळाला तेवढंही लागत नाही.

जमवाजमव

खेळाडू चार घ्या. तीन चालतात, सहा नकोत. हिशेब साधा आहे: तीन तासांच्या खेळात निम्मा वेळ तुमच्या बोलण्यात जातो असं धरा. उरलेल्या नव्वद मिनिटांत चौघांना प्रत्येकी बावीस मिनिटं मिळतात, सहा जणांना पंधराच. ज्याची पाळी उशिरा येते तो मोबाइल काढतो.

सामान: दहा कोरे कागद, चार पेन्सिली, खोडरबर, लुडोच्या डब्यातले दोन फासे, आणि वीस-पंचवीस कार्डं. जुन्या लग्नपत्रिका कापल्या तर पाठकोऱ्या बाजूची उत्तम कार्डं होतात. जानेवारीत गच्चीवर बसायला मजा येते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य बुडाल्यावरही फरशी तापलेली असते, तेव्हा पंख्याखाली बसलेलं बरं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मध्यंतरातच काढा. चटणीच्या तेलाचे डाग पडलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही.

गोष्ट नको, पेच लिहा

गोष्टीत पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. पेचात फक्त कोणाला काय हवंय आणि कोणाचं कोणाशी अडलंय एवढंच ठरलेलं असतं. एका कागदावर मावेल इतकाच लिहा: एक अडचण, पाच माणसं, चार जागा, आणि कोणीच मध्ये पडलं नाही तर काय होईल त्याच्या तारखा. तासाभराचं काम आहे.

आपला पेच असा. पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यातून जेकार्डचे पुठ्ठे चोरीला गेलेत. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी या पुठ्ठ्यांच्या भोकांवरून उतरते. दोरीनं ओवलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा गेला म्हणजे नक्षीच गेली. वजनाला जड, दिसायला रद्दी, आणि ज्याला कळतं त्याच्यासाठी लाखमोलाचा. चोरीचा माल म्हणून पैशांच्या पेटीपेक्षा हा फार बरा, कारण तो लपवता येतो, जाळता येतो, त्याची नक्कल करता येते, परतही ठेवता येतो. खेळाडूंना जितक्या तऱ्हांनी एखादी वस्तू हाताळता येईल तितक्या वाटा आपोआप निघतात.

माणसं पाच, प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी: हवंय काय, भीती कशाची, ठाऊक काय.

कारखानदार. त्याला पुठ्ठे परत हवेत, पण बोभाटा नको. त्याच्या मालाच्या नोंदी सरळ नाहीत. त्याचा संशय भलत्यावरच आहे.

जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. चोरी यानंच केली. आठ महिन्यांचा हिशेब थकलाय, तो त्याला हवा आहे. तुरुंगापेक्षा त्याला बहिणीला कळण्याची भीती जास्त.

त्याची बहीण, घरी बिड्या वळणारी. ओट्यावर बसून गल्लीतलं येणंजाणं सगळं पाहते. भावानं त्या रात्री काहीतरी उचलून नेलं एवढं तिला माहीत आहे, काय ते नाही.

परगावचा व्यापारी. त्याला नक्षी स्वस्तात हवी. सोलापूरच्या सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्डा यात्रा संपायच्या आत त्याला निघायचं आहे.

टेम्पोवाला. त्याला फक्त भाडं हवं. काय वाहिलं ते विचारत नाही, पण कुठून कुठं ते विसरत नाही.

इथं एक गोष्ट पाहा. जॉबर चोर आहे, पण त्याची बाकी खरी आहे. कारखानदाराचं नुकसान झालंय, पण पैसे त्यानं बुडवलेत. त्यामुळे 'बरोबर उत्तर' असं काही नाही. पुठ्ठे परत करून जॉबरला पकडून देता येतं, कारखानदाराला नोंदींच्या नावानं दाबून बाकी वसूल करता येते, व्यापाऱ्याला खोटा गठ्ठा विकता येतो, बहिणीला मध्ये घालून सगळं गल्लीतच मिटवता येतं. एकच योग्य शेवट असलेला पेच लिहिलात, तर पुढं कितीही सैल हात ठेवा, खेळाडू तो शेवट हुडकण्यातच वेळ घालवतील.

जागा चार पुरतात: कारखाना, ओटा, बंद पडलेल्या गिरणीचं गोदाम, गड्ड्याचं होम मैदान. प्रत्येक जागेला एक आवाज, एक वास आणि तिथं हाताला लागेल अशी एक वस्तू लिहा. गोदामात कबुतरांची फडफड, ओल्या कोळशाचा वास, गंजलेली साखळी. खेळाडू हमखास साखळीच उचलतो. आणखी काही ते स्वतःच ठरवतील; शहर त्यांचंही आहे. मात्र कारखाना आणि माणसं काल्पनिकच ठेवा. खरा मालक, खरं दुकान खलनायक म्हणून टेबलावर आणलं की कोणाचा तरी मामा तिथंच कामाला निघतो.

तारखांचा जिना

हे सगळं गड्डा यात्रेत घडतं, कारण यात्रेला स्वतःचं वेळापत्रक आहे. १३ जानेवारीला ६८ लिंगांचा तैलाभिषेक, १४ ला अक्षता सोहळा, १५ ला होम, १६ ला शोभेचं दारूकाम. त्यावर आपला पेच चढवायचा:

१३: जॉबर गठ्ठा गोदामात लपवतो.
१४: सगळी गल्ली अक्षतेला गेलेली असताना व्यापारी गोदामात येऊन माल पाहतो.
१५: रात्री होम मैदानाच्या गर्दीत सौदा ठरतो, निम्मे पैसे हातात पडतात.
१६: दारूकामाच्या आवाजात आणि धुरात टेम्पो हैदराबाद रोडला लागतो.

हे खेळाडूंनी काहीच केलं नाही तर होणारं आहे. त्यांनी १४ ला व्यापाऱ्याला गाठलं तर पुढच्या दोन पायऱ्या खोडा आणि त्याच्या जागी 'आता व्यापाऱ्याला काय करावंसं वाटेल?' या प्रश्नाचं उत्तर लिहा. खोडाखोड झालेला कागद हे खेळ नीट चालल्याचं लक्षण. तारखा खेळाडूंना दिसू द्या; एका कार्डावर '१३' लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा आणि दिवस सरला की बदला. वेळ सरताना दिसली की कुठं जायचं आणि काय सोडायचं याला वजन येतं.

माहिती देताना हात आखडू नका

नवा जीएम सर्वांत जास्त इथं चुकतो. माहिती म्हणजे बक्षीस आहे असं समजून तो ती दडवून ठेवतो. पण ज्याला काही माहीत नाही, त्याची निवड म्हणजे नाणेफेक. "डावीकडे जाता की उजवीकडे?" हा प्रश्न मोकळीक देत नाही. "पुढच्या दारानं गेलात तर वॉचमन आहे, पण तो पैसे खातो असं ऐकलंय; मागच्या भिंतीला वॉचमन नाही, पण तिथून उडी मारली की कबुतरं उडतील" हा प्रश्न देतो.

खेळाडूंना जे कळल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही, ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. 'माल गोदामात आहे' हे कुठून कुठून कळेल? बहिणीनं भावाला त्या दिशेनं जाताना पाहिलं. जॉबरच्या चपलांना कोळशाची भुकटी लागलीये, आणि कारखान्यात तर कोळसा नाही. टेम्पोवाल्याला १६ तारखेचं भाडं त्याच बोळातून सांगितलंय. एक खूण त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसरीचा अर्थ ते भलताच काढतील, तिसरी लागू पडेल. एकच खूण ठेवून त्यावर फासा टाकायला लावला आणि फासा उलटा पडला, की खेळ तिथंच ठप्प.

पात्राला जे सहज दिसलं असतं त्यासाठी फासे मागूच नका. जन्म मागावर काढलेल्या पात्राला पुठ्ठ्यांचा गठ्ठा पाहून नक्षी कुठली ते सांगून टाका.

टेबलावर

पहिली वीस मिनिटं पात्रं बनवण्यात द्या. चौघांना तीनच प्रश्न विचारा: या कारखान्याशी तुझा संबंध काय? या यात्रेत तुला स्वतःला काय हवंय? इथल्या चौघांपैकी कोणावर तुझा भरवसा आहे? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला बहिणीच्या लग्नासाठी चाळीस हजार हवेत, तो खेळाडू तुमच्या मदतीशिवाय वाट काढतो. ज्याला काहीच नको, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसतो.

त्याच वेळी नको त्या विषयांची यादी करा आणि एका कार्डावर फुली मारून ते मध्ये ठेवा. खेळात कोणाला काही खुपलं तर त्या कार्डावर बोट ठेवायचं. प्रसंग तिथं सोडायचा, कारण विचारायचं नाही.

मग खेळाची लय ही: तुम्ही तीन-चार वाक्यांत समोर काय आहे ते सांगता, "काय करता?" विचारता, आणि गप्प बसता. गप्प बसणं अवघड जातं. दहा सेकंद शांतता झाली की हात शिवशिवतात आणि तोंडून सूचना निघते: "तुम्ही ओट्याकडं जाऊ शकता…" झालं, सगळे ओट्याकडं निघाले. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा.

खेळाडूनं अनपेक्षित काही सुचवलं की तुमच्याकडं तीन उत्तरं असतात. साधी, शक्य गोष्ट असेल तर 'हो'. अडचणीची असेल तर 'हो, पण'. अशक्य असेल तर 'नाही', आणि ते का हे सांगून जवळची एखादी वाट दाखवायची. दहांत सात वेळा हो, दोनदा हो-पण, एकदा नाही, असा ढोबळ अंदाज ठेवा. 'नाही' वाढायला लागले तर समजा, मनात कुठंतरी गोष्ट लिहून झालीये.

मघाचे पोलीस घ्या. 'हो, पण': चौकीतला हवालदार तक्रार लिहून घेतो, पण सगळे यात्रेच्या बंदोबस्तात आहेत, चौकशीला १५ च्या आधी कोणी मोकळं नाही. कारखानदाराला हे कळतं आणि नोंदींच्या भीतीनं तो स्वतःच चोरी नाकारायला लागतो. खेळाडूंचा डाव चालला, त्याचा परिणाम झाला, आणि परिस्थिती आधी होती त्याहून मजेदार झाली. पंक्चरची गरज पडली नाही.

फासे कधी टाकायचे? यश-अपयश दोन्ही शक्य असेल आणि अपयशानं काही बदलणार असेल तेव्हाच. दोन फासे टाका, पात्र त्या कामात हुशार असेल तर एक मिळवा. बेरीज १० किंवा वर: जमलं. ७ ते ९: जमलं, पण किंमत मोजून. ६ किंवा खाली: जीएम परिस्थिती बिघडवतो. नुसत्या फाशांवर पूर्ण यश ३६ पैकी ६ वेळा मिळतं, मधली पट्टी १५ वेळा, अपयश १५ वेळा. एक मिळवला की तेच १०, १६ आणि १० होतं. मधली पट्टी जाड आहे हे चांगलंच. खेळ पुढं सरकतो आणि नवी अडचणही येते. ही तीन पट्ट्यांची पद्धत २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळापासून रूढ झाली. वीस बाजूंचा फासा असेल तर सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २० असं लक्ष्य ठेवतात. मिळवायला काही नसलेल्या पात्राला १५ गाठायची शक्यता ३० टक्केच असते, म्हणून सरसकट १५ मागू नका.

फासा टाकण्याआधी काय पणाला लागलंय ते बोलून दाखवा. "चुकलास तर कबुतरं उडतील आणि वॉचमन बॅटरी घेऊन येईल. तरी चढतोस?" खेळाडू म्हणेल, "थांब, मग नको. आधी वॉचमनला चहाला नेतो." निवड खरी झाली ती इथं. धोका नंतर सांगितलात तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

नावांची एक यादी हाताशी ठेवा: इरण्णा, नागमणी, व्यंकटेश, रुक्साना, सिद्राम, यल्लव्वा, मेहबूब, अंबादास. खेळाडू ठरवलेल्या माणसांना सोडून चहाच्या टपरीवाल्याशीच गप्पा मारत बसतात. टपरीवाल्याला लगेच नाव मिळालं तर तो आयता बनवल्यासारखा वाटत नाही. आणि ज्याच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्याला पात्राच्या तोंडीही ती भाषा येऊ द्या. बहिणीशी तेलुगूत बोलणाऱ्या पात्राला ती जे सांगेल, ते बाकीच्यांना सांगणार नाही. यासाठी वेगळा नियम लागत नाही.

खोटी मोकळीक

समजा तुम्ही विचारलं, विजापूर वेशीनं जाता की तुळजापूर वेशीनं? आणि कुठूनही गेलं तरी वाटेत तेच तिघं गुंड आडवे येतात. त्या दिवशी कोणाला कळणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या खेळात कळतंच, आणि मग खेळाडू मागच्या सगळ्या निवडींवर शंका घेतात. गुंड भेटायलाच हवेत असं वाटत असेल तर निवड देऊ नका, "वेशीपाशी तिघं आडवे आले, काय करता?" असं सरळ सुरू करा. प्रसंगाची सुरुवात लादली तर लोकांना चालतं. शेवट लादलेला चालत नाही.

बिघडतं कुठं

एकच जण बोलतो. त्याला आवरायला जाऊ नका, दुसऱ्याला नेमकं विचारा: "तू ओट्यापाशी उभी आहेस, आत भांडणाचा आवाज येतोय. आत जातेस, ऐकत थांबतेस, की आणखी काही?" बुजऱ्या खेळाडूला दोन पर्याय आणि एक मोकळी जागा पुरते. "तुला काय करायचंय?" एवढाच प्रश्न त्याला खड्ड्यासारखा वाटतो.

चौघं चार दिशांना जातात. जाऊ द्या, पण प्रत्येकाला पाच मिनिटं द्या आणि फासा टाकायच्या आधीच्या क्षणाला दुसऱ्याकडं वळा. चार ठिकाणी एकाच वेळी टांगलेलं ठेवलं की कोणी उठून जात नाही.

चर्चाच चर्चा. बेत आखण्यात वीस मिनिटं गेली तर मधलं कार्ड उचलून तारीख बदला, नाहीतर कोणीतरी दार वाजवू द्या. बहुतेक वेळा जास्त चर्चेचं कारण माहितीची कमतरता असतं, म्हणून दार वाजवणाऱ्याच्या हातात एखादी खूण द्या.

महत्त्वाच्या माणसालाच मारून टाकतात. जॉबर मेला? त्याच्या चपला, बहीण, टेम्पोवाला, व्यापारी सगळे जागेवर आहेत, आणि आता बहिणीला आणखी काहीतरी हवं आहे. पेच एका माणसावर टांगलेला नसेल तर तो तुटत नाही.

पेच सोडून निघूनच जातात. एकदा विचारा, खेळातून बाहेर येऊन: "हे नको वाटतंय का?" यासाठी टोमणे किंवा अडथळे वापरणं फुकट आहे. नको असेल तर त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून, त्या चाळीस हजारांतून, नवा पेच काढा.

उठण्याआधी

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. तारखेचं कार्ड कुठं आहे ते सर्वांना दाखवा आणि विचारा, "पुढच्या वेळी तुम्ही कुठून सुरू करणार?" उत्तर आत्ताच घ्या. "टेम्पोचा पाठलाग करत हैदराबाद रोडला" म्हणाले तर तुम्हाला फक्त तो रस्ता, एक ढाबा आणि ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस एवढंच लिहायचं आहे. पाऊण तासात होतं. घरी गेल्यावर जुन्या कागदावर पाचही माणसांचं 'हवंय काय' पुन्हा वाचा. आजच्या खेळानं ज्यांचं बदललं, तेवढंच खोडून नवं लिहा. बाकी कागद तसाच ठेवा.